चौथ्या पट्टीवरचा आवाज

स्मरणिका समितीने आम्हां तिघां माजी विद्यार्थ्यांस ‘ध्वनिफितींच्या कामाविषयी चार शब्द’ लिहावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. काम अजून पुरते संपलेले नाही, आणि जे झाले त्यात आमच्या चुकाही पुष्कळ आहेत. परंतु वर्गणी आपणा सर्वांची होती. पैशाचा हिशोब समितीने मागील पानांत छापलाच आहे. त्या पैशाने नेमके काय केले आणि काय करण्याचे टाळले, हे सांगणे आमच्याकडे लागते.

शाळेच्या भांडारखोलीतील पत्र्याच्या पेटीत ४३ कॅसेटी निघाल्या. स्नेहसंमेलने, पहाटेची वंदना, जयंतीचे कार्यक्रम, पाहुण्यांची भाषणे, आणि अधूनमधून आपल्या गायनाच्या सरांनी मुलांकडून बसवून घेतलेली गाणी. सरांचे नाव आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. कार्यक्रमपत्रिकेवर आपले नाव छापले म्हणून ज्यांनी एकदा आख्खा गठ्ठा परत पाठविला, त्यांना ते आवडले नसते. ‘आपले सर’ एवढे म्हटले की १९८० ते २००० या काळात वसतिगृहात राहिलेल्या कोणासही ओळख पटेल.

आपल्या समाजात गाणे कागदावर कमी आणि कंठात जास्त राहिले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गीते लिहिली आणि गायिली. त्यांतील किती वहीत उरली आणि किती ऐकणाऱ्यांबरोबर गेली, याचा हिशोब अभ्यासक आजही मांडीत आहेत. कॅसेट आली तेव्हा ती आपल्या लोकांच्या हातात पडलेली पहिली स्वस्त छापखानाच होती, असे म्हणावयास हरकत नाही. १४ जानेवारीस विद्यापीठाच्या गेटसमोर पुस्तकांच्या शेजारी मांडलेल्या कॅसेटींचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. त्या विकत मिळणाऱ्या कॅसेटींच्या प्रती घरोघरी होत्या. आपल्या पेटीतील फितींची दुसरी प्रत मात्र जगात कोठेही नव्हती.

आम्हां तिघांपैकी एक बंधू जयंती-लग्नाला साउंड भाड्याने देतात, एक वीज कंपनीत आहेत, आणि आमच्या ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितात. फिती संगणकात उतरविण्यापर्यंत आमच्यात मतभेद नव्हता. शहागंज भागातील एका जुन्या दुरुस्तीवाल्या चाचांकडून कॅसेट-डेक दुरुस्त करून घेतला. कॅसेटमधील दाब देणारी नमद्याची बारीक गादी सुटलेली असे, ती चिमट्याने पुन्हा चिकटविली. डेकचे हेड स्पिरिटने पुसले, आणि प्रत्येक फितीगणिक हेडचा कोन छोट्या पेचकसाने किंचित फिरवून आवाज सर्वांत स्वच्छ कोठे येतो ते पाहिले. हा कोन केसभर चुकला तरी वरचे सूर विझतात. मग संगणकात कितीही खटाटोप करा, ते परत येत नाहीत. चाचांचे एक वाक्य आम्ही भिंतीवर लिहून ठेवले होते : “जो टेप से नहीं निकला, वो कंप्यूटर से नहीं निकलेगा.”

मतभेद झाला तो त्यापुढे. उतरविलेला आवाज सुधारून ऐकण्याजोगा कोणत्या साधनाने करावयाचा?

साउंडवाल्या बंधूंचे म्हणणे असे की, मास्टरिंगची प्रणाली घ्यावी. वेव्हलॅब, ओझोन ही नावे त्यांना माहीत होती. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. कॅसेटवर आवाज डावा आणि उजवा अशा दोनच धारांत असतो; त्यांत पेटी, ढोलकी, मुले सारी एकत्र मिसळलेली. ती आता पूर्णपणे स्वच्छ वेगळी करता येत नाहीत. मग खरखर काढणे, सुरांचा तोल सावरणे, सर्व फितींची पातळी सारखी करणे, गाण्यांचा क्रम लावून मधली शांतता नेमकी ठेवणे, एवढेच उरते, आणि मास्टरिंगचे काम म्हणजे नेमके तेच. ताईंचे म्हणणे वेगळे होते : घ्यावयाचे तर पुरे वर्कस्टेशन घ्यावे, ज्यात अनेक पट्ट्या शेजारी-शेजारी मांडता येतात, पुढे मुलांना शिकविण्यासही ते उपयोगी पडेल. वीज कंपनीतील बंधू मध्यस्थ होते, म्हणजे दोन्ही वेळा मान हलवीत.

ज्या वाचकांस हा भेद नवा असेल त्यांच्यासाठी आपल्या मेसचे उदाहरण पुरे होईल. मिक्सिंग म्हणजे स्वयंपाक : डाळ किती, तिखट किती, मीठ किती. मास्टरिंग म्हणजे वाढप : दीडशे ताटांत सारखे पडावे, गरम पोहोचावे, शेवटच्या पंगतीला कमी पडू नये. शिजलेल्या आमटीतून मीठ काढून घेणे वाढप्यास शक्य नाही. आमच्या हातात शिजलेली आमटी होती, असे आम्ही समजत होतो. म्हणून बहुमताने वाढप्याचे साधन निवडले, आणि अशा एका प्रणालीची चाचणी-आवृत्ती घेऊन कामास लागलो.

सुरुवातीचे दोन आठवडे आम्ही फार खूश होतो. खरखर जिथे एकटी आहे असा सेकंदभराचा तुकडा प्रणालीस दाखवावयाचा. ती तिचा ठसा ओळखते आणि साऱ्या गाण्यातून ती खरखर वजा करते. पातळी वाढविण्याचे बटण तर आमच्या बंधूंच्या हातचे खेळणे. गाणे असे दणदणीत झाले की मिरवणुकीत लावावे. पुढे त्यांनाच कळले की, या दणक्याचा उपयोग मर्यादित आहे. यूट्यूबसारखी ठिकाणे साऱ्यांचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून ठेवतात. त्याहून मोठा करून दिला तर ते मुकाट्याने कमी करतात, आणि दाबल्यामुळे गेलेला चढउतार मात्र परत देत नाहीत.

पहिला नमुना आम्ही मेसच्या जुन्या मावशींना ऐकविला. त्यांच्या डोळ्यांना आता कमी दिसते, पण कान तिखट आहेत. वर्षावासातील एका संध्याकाळचे ते गाणे होते. मावशींनी ते पूर्ण ऐकले आणि विचारले, “लेकरांनो, पाऊस कुठं गेला?”

आम्हांस आधी समजलेच नाही. मग मूळ फीत पुन्हा लावली. पत्र्यावर पडणारा पाऊस गाण्याच्या मागे अखंड चालू होता. त्याच पत्र्याच्या सभागृहात आपण सारे बसलो आहोत. डोंगराकडून सर आली की सर हाताने थांबण्याची खूण करीत आणि पाऊस फारच वाढला तर हसून पेटी बंद करीत. प्रणालीच्या लेखी पाऊस आणि खरखर एकच. तिने तो पुसला, आणि त्याबरोबर मुलांचे श्वास आणि शब्दाच्या शेवटचे ‘स’, ‘श’ही पुसट केले. मावशी पुढे म्हणाल्या, “पोरं डब्यात बसून गात्यात असं वाटतंय.” आम्ही दोन आठवडे जे केले होते त्याचे याहून नेमके परीक्षण कोणत्याही मीटरने केले नसते.

येथेच एक कबुली. पहिल्या चार फितींचे धुतलेले रूप आम्ही मूळ नोंदीच्या जागेवरच जतन केले होते. म्हणजे कच्ची नोंद गेली. त्या चार फिती पुन्हा वाजवाव्या लागल्या, आणि चौथी दुसऱ्यांदा वाजताना तुटली. जोडपट्टीने ती जोडली, पण सुमारे तीन सेकंद गेले. एका मुलाने स्वतःचे नाव आणि गाव सांगितलेले ते तीन सेकंद होते. गाव ऐकू येते, नाव गेले. ही चूक कोणत्याही प्रणालीची नव्हे, आमची. त्या दिवसापासून कच्ची नोंद ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर करून तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवण्याचा नियम आम्ही घातला. ध्वनिसंग्रहालये हीच मोजमापे पाळतात, हे नंतर वाचनात आले. आधी वाचले असते तर बरे झाले असते.

आता त्या फितीविषयी, जिच्यामुळे सारा निर्णय उलटला.

४३ पैकी एक साठ मिनिटांची कॅसेट आम्ही ‘खराब’ म्हणून बाजूस ठेवली होती. पहिली बाजू लावली की पेटी आणि ढोलकी, पण जडशीळ, जणू चिखलातून चालत आलेली. दुसरी बाजू लावली की केवळ अनाकलनीय घरघर. शब्द म्हणून एकही नाही. कव्हरच्या कागदावर सरांच्या अक्षरात चार ओळी होत्या : ‘१ पेटी. २ ढोलकी. ३ मुली. ४ मी.’ त्याखाली ‘भाग १’. आम्ही ती कार्यक्रमाची अनुक्रमणिका समजलो होतो. आधी पेटीवादन, मग ढोलकी, मग मुलींचे गाणे, मग सरांचे.

एका रात्री ताई तो कागद हातात घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अनुक्रमणिकेत सरांनी ‘मी’ असं लिहिलं असतं का? ही यादी त्यांनी स्वतःसाठी केलेली आहे.” मग आठवणी निघू लागल्या. मुंबईत रेकॉर्डिंगच्या कामावर असलेला एक माजी विद्यार्थी १९९६ च्या पावसाळ्यात सुट्टीवर आला होता. त्याने बरोबर एक पेटीएवढे यंत्र आणले होते, आणि सभागृहात दोन दिवस तारांचे जाळे पसरले होते, एवढे आम्हां दोघांना स्पष्ट आठवत होते.

ते चार पट्ट्यांचे कॅसेट-यंत्र असणार, हे त्यानंतर उलगडले. साध्या कॅसेटच्या फितीवरही पट्ट्या चारच असतात : दोन या बाजूच्या, दोन त्या बाजूच्या, आणि त्या परस्परांच्या उलट दिशेने धावतात. चार पट्ट्यांचे यंत्र चारही एकाच दिशेने भरते, आणि त्यांतील पुष्कळ यंत्रे आवाज चांगला यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने पळवितात. म्हणून साध्या डेकवर पहिल्या दोन पट्ट्या निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली वाजतात. आणि कॅसेट उलटी केली की तिसरी व चौथी शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतात. आम्ही जिला घरघर म्हणत होतो, तो सरांचा उलटा आवाज होता.

१९७९ मध्ये टीअॅक कंपनीने असे पहिले यंत्र बाजारात आणले. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाने १९८२ च्या जानेवारीत आपल्या घरी त्यावर काही गाणी कच्चा नमुना म्हणून भरली. पुढे स्टुडिओत पुन्हा गाऊन पाहिली, पण मूळची धग येईना, म्हणून त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ ही तबकडी काढली. तिचे मास्टरिंग करताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले, असे सांगतात. तो गायक ती कॅसेट काही आठवडे डबीशिवाय खिशात घेऊन फिरत असे. आपली निदान पत्र्याच्या पेटीत तरी होती.

आमटी शिजलेली नव्हती, हे आता स्पष्ट झाले. डाळ, तिखट, मीठ वेगवेगळे समोर आले होते, आणि वाढप्याचे साधन येथे निरुपयोगी होते. आम्ही रीपर हे वर्कस्टेशन घेतले. साठ दिवस ते पारखून पाहता येते आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो, हेही कारण होतेच. वर्गणीच्या पैशात क्यूबेस किंवा प्रो टूल्सचा विचार आम्ही केला नाही. पुढे असेही दिसले की, मास्टरिंगची बहुतेक अवजारे वर्कस्टेशनच्या पोटात जोडता येतात. उलट, मास्टरिंगची प्रणाली घेऊन चार पट्ट्यांची शेती करावयाची म्हटले तर बैलाच्या जागी घोडा जुंपण्यासारखे होते. तरी आम्हांस विचाराल तर, ज्यांच्याकडे केवळ साध्या दुहेरी फिती असतील त्यांनी वर्कस्टेशनच्या मागे लागू नये. आमच्या ४३ पैकी ४२ फितींस त्याची गरज पडली नसती.

दोन्ही बाजू संगणकात उतरविल्या, दुसरी बाजू उलटी केली, सर्वांचा वेग दुप्पट केला. ऐकावयास सोपे वाटते. परंतु डेकची मोटर दोन वेळा अगदी सारखी कधीच फिरत नाही. पहिल्या कडव्यात मुली ढोलकीबरोबर, दुसऱ्यात अर्धी मात्रा मागे, तिसऱ्यात पुढे. उपाय सापडला तो एका दोषातून. सारे एकाच सभागृहात गात असल्याने ढोलकीची थाप मुलींच्या माइकमध्येही पुसट शिरली होती. त्या थापा हेच आमचे मैलाचे दगड झाले. दर चार-सहा मात्रांनी तुकडा कापावयाचा, थापेवर थाप बसवावयाची, पुढे सरकावयाचे. चौदा मिनिटांच्या ध्वनीस नऊ रात्री लागल्या.

मग प्रश्न आला, वेग खरोखर दुप्पटच होता कशावरून? किंचित कमी-अधिक असेल तर सरांचा आवाज आम्हीच बदलून ठेवणार. वीज कंपनीतील बंधूंस सुचले की, फितीत विजेची गुणगुण उतरलेली आहे, ती ५० हर्ट्‌झवर आणली की वेग बरोबर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच ते मागे घेतले : त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता दिवसभरात चांगलीच खालीवर होत असे, तिच्यावर भरवसा कसा ठेवावा? शेवटी शाळेची पेटी कामास आली. सर काळी दोनमध्ये गात, हे त्यांचे सारे विद्यार्थी जाणतात. पेटी अजून आहे. मधल्या काळात दोनदा दुरुस्त झाली, तरी तिचे सूर फार हललेले नाहीत. सभागृहात बसून एकाने काळी दोन धरली, दुसऱ्याने संगणकावर वेग फिरविला, आणि दोन सूर एकमेकांत विरघळले तेथे थांबलो.

वर्कस्टेशन हातात आले की हात शिवशिवतात, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या पट्टीवरील मुलींमध्ये एकीचा सूर वारंवार चढा लागतो. आमच्या बंधूंनी एका रात्रीत तो सरळ केला. यंत्रात तशी सोय आहे. ती मुलगी आज घाटी रुग्णालयात परिचारिका आहे. तिला ऐकविले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “दादा, मला सर रोज त्या जागेवर टोकायचे. ते टोकणं काढून टाकलंत तुम्ही.” सूर पुन्हा चढा केला.

तोल कसा ठेवावा, यावर मात्र आमचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. सरांनी स्वतः केलेले मिश्रण कोठेही नाही. सरांचा आवाज वर ठेवला तर ते सरांचे गाणे होते. मुली वर ठेवल्या तर शाळेचे. ताईंना वाटे की, वर्गात सर नेहमी मागे उभे राहून गात, मुले चुकली की तेवढ्यापुरते पुढे येत, तसेच येथेही व्हावे. साउंडवाल्या बंधूंचे म्हणणे, लोक सरांसाठीच ऐकणार आहेत. तीन मिश्रणे केली, तिन्ही मोडली. अखेर मुली पुढे, सर मागे असे एक मिश्रण समारंभासाठी निश्चित केले, आणि त्यासोबत चारही पट्ट्या जशाच्या तशा, वेगवेगळ्या जतन केल्या. उद्या कोणास आमचा निर्णय चुकीचा वाटला तर त्यास नव्याने स्वयंपाक करता यावा. पाऊस चारही पट्ट्यांवर आहे. त्यास आम्ही हात लावलेला नाही.

काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, ऐकविण्यास आम्ही मिश्रण घेऊन गेलो होतो. त्यांनी ते शांतपणे ऐकले, मुलींचे कौतुक केले, चहा टाकला. मग विचारले, “ह्यांचं एकट्याचं आहे का काही?” चौथी पट्टी लावली. त्यात गाण्यापेक्षा थांबणेच अधिक आहे. सर घसा खाकरतात. मुलींच्या ओळीच्या वेळी पुटपुटत मात्रा मोजतात. एकदा “ढोलकी पळू नको” असे दबक्या आवाजात म्हणतात. दोन ओळी गाऊन पुन्हा गप्प. फितीच्या वेटोळ्यांत शेजारच्या थराचा आवाज वर्षानुवर्षे मुरत राहतो, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या क्षणभर आधी त्याच ओळीची अगदी पुसट चाहूल लागते. आम्ही तो दोष पुसावयाचा की नाही या विचारात होतो. काकूंनी ती पट्टी दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, “आधी मनात म्हणून मगच गायचे ते.” आम्ही तांत्रिक खुलासा केला नाही, आणि चाहूल पुसलीही नाही.

साठ मिनिटांची फीत चारही पट्ट्या एका दिशेने आणि दुप्पट वेगाने भरली की तिच्यात जेमतेम पंधरा मिनिटे मावतात. तेवढ्यात दोन गाणी पूर्ण होतात. तिसरे, जे सरांनी स्वतः रचले होते आणि ज्याची वही कोठेच सापडलेली नाही, ते चौथ्या कडव्याच्या मध्यावर फीत संपते तेथे तुटते. कव्हरवर ‘भाग १’ लिहिलेले आहे, म्हणजे भाग २ भरला गेला असणार. तो आपल्या पेटीत नाही. ज्या माजी विद्यार्थ्याने ते यंत्र आणले होते त्याचा पत्ता आम्हांस अद्याप लागलेला नाही.

आपल्या घरी जुन्या कॅसेटी असतील, आणि त्यांतील एखादी सरांच्या अक्षरातील असेल, किंवा लावून पाहिल्यावर जड अथवा उलटी वाजली म्हणून कोणी ‘खराब’ ठरवून ठेवली असेल, तर ती कृपया पुन्हा वाजवून पाहू नये. घरच्या जुन्या टेपमध्ये ती अडकण्याचा संभव असतो. शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. उतरवून मूळ कॅसेट परत मिळेल. कार्यालय रविवार सोडून रोज अकरा ते पाच उघडे असते.